कॅमेऱ्यांच्या निविदा मंजूर करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक पाळत-यंत्रणांच्या खरेदी समित्यांचे सर्व मान्यवर सदस्य

स. न. वि. वि.

आपण कोणत्या देशात बसून ही फाईल चाळत आहात याने फारसा फरक पडत नाही. विक्रेत्याचं सादरीकरण सगळीकडे सारखंच असतं. आधी लाल ठिपक्यांनी भरलेला नकाशा, मग कॅमेऱ्यांच्या खुणा, मग चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर, आणि शेवटी ठिपके गायब झालेला तोच नकाशा. त्या कोऱ्या नकाशावर विश्वास ठेवून सही करण्याआधी हे पत्र वाचावं, एवढीच विनंती.

आधी विक्रेत्याच्या बाजूने बोलतो. कॅमेऱ्यांचा उपयोग होतो. २०१९ मध्ये काही गुन्हेशास्त्रज्ञांनी मागच्या चाळीस वर्षांतले अभ्यास एकत्र करून तपासले. कॅमेरे असलेल्या ठिकाणी, नसलेल्या ठिकाणांच्या तुलनेत, गुन्हे सुमारे १३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. सर्वांत जास्त फायदा वाहनतळांवर झाला. हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळक परिणाम आढळला नाही. यात नवल काही नाही. गाडीची काच फोडणारा आधी इकडेतिकडे बघतो, हिशेब करतो. संतापाच्या भरात सुरा काढणारा कॅमेरा कुठे आहे हे शोधत बसत नाही. आणि ज्याने मरायचंच ठरवलंय त्याला कॅमेऱ्याची काय भीती? ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये बॉम्ब फोडणारे त्या सकाळी लंडनबाहेरच्या लूटन रेल्वे स्थानकात शिरताना स्वच्छ टिपले गेले होते. त्या चित्रणाने नंतर त्यांची ओळख पटवली. गेलेले ५२ जीव त्याला वाचवता आले नाहीत.

तेरा टक्के हा आकडा हिणवण्यासारखा नाही. पण तेरापासून शंभरपर्यंतचं अंतर आणखी कॅमेरे, आणखी डेटा, आणखी हुशार सॉफ्टवेअर घालून कापता येईल, असं ते सादरीकरण न बोलता सुचवतं. माझा आक्षेप तिथे सुरू होतो.

सगळ्यांवर पाळत ठेवण्याचा प्रयोग करून झालेला आहे, आणि तो अर्धवट मनाने केलेला नव्हता. पूर्व जर्मनीत १९८९ मध्ये जेमतेम एक कोटी साठ लाख लोकसंख्येसाठी श्टाझी या गुप्त पोलीस खात्याचे सुमारे ९१ हजार पगारी कर्मचारी होते. शेजारी, सहकारी, कधी नवरा-बायकोसुद्धा एकमेकांच्या खबरा देत, अशा खबऱ्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. पत्रं फोडली जात, फोन ऐकले जात. मागे उरलेली कागदपत्रं शंभर किलोमीटरहून जास्त लांबीच्या फडताळांवर मांडावी लागली.

त्याच देशात जानेवारी १९८१ मध्ये हाल्ले शहरातला सात वर्षांचा एक मुलगा बेपत्ता झाला आणि काही दिवसांनी रेल्वेमार्गाच्या कडेला एका सुटकेसमध्ये त्याचा मृतदेह सापडला. धागा एकच होता: सुटकेसमधल्या वर्तमानपत्रांत कुणीतरी पेनने शब्दकोडी सोडवलेली होती. ज्या राज्याला कोण कुणाशी काय बोललं हे ठाऊक असायचं, त्या राज्याला हे अक्षर कुणाचं हे ठाऊक नव्हतं. रद्दीचे गठ्ठे उपसले गेले, लोकांचे जुने अर्ज चाळले गेले, हस्ताक्षराचे साडेपाच लाख नमुने जमवून ते माणसांनी डोळ्यांनी ताडून पाहिले. नोव्हेंबरमध्ये अक्षर जुळलं. ते एका बाईचं होतं. खुनी निघाला तिच्या मुलीचा मित्र. म्हणजे छडा लावला तो चिवट, जुन्या पद्धतीच्या तपासाने. लाखो फायलींना तो खून आधी दिसला नाही, कारण त्या फायलींमध्ये सरकारला नको असलेली मतं साठवली होती. पाळत ठेवणारी यंत्रणा तिच्या मालकाला ज्याची भीती वाटते तेच शोधते. नागरिकाला ज्याची भीती वाटते ते शोधेलच असं नाही.

सोव्हिएत संघातली कथा याहून वाईट. आंद्रेई चिकातिलो १९७८ पासून बारा वर्षं खून करत राहिला. १९८४ मध्ये तो हाती आला होता. तेव्हाच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत रक्तगट जुळला नाही, आणि खुनांच्या संशयातून तो सुटला. त्याने केलेल्या पहिल्या खुनासाठी दुसऱ्याच एका माणसाला १९८३ मध्ये मृत्युदंड देऊन झाला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण सहज वापरतो. इथे ती खरोखर घडली. शेवटी १९९२ मध्ये चिकातिलोवर ५२ खून शाबित झाले. समिती म्हणेल, ती जुनी चाचणी होती, आता डीएनए आहे. बरोबर आहे. डीएनएबद्दलही बोलू, कारण त्याच्या जन्मकथेत आपल्या कामाचं बरंच काही आहे.

इंग्लंडमध्ये लेस्टरशायरच्या दोन गावांत १९८३ आणि १९८६ मध्ये प्रत्येकी पंधरा वर्षांच्या दोन मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली. पोलिसांनी जवळच्याच विद्यापीठातल्या अ‍ॅलेक जेफ्रीझ यांच्याकडे नमुने पाठवले; डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत त्यांना दोनच वर्षांपूर्वी गवसली होती. निकाल आला: दोन्ही खून एकाच माणसाचे, आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. नव्या तंत्राने या प्रकरणात पहिलं काम केलं ते एका निर्दोष मुलाला सोडवण्याचं. मग परिसरातल्या पाच हजारांहून जास्त पुरुषांचे नमुने घेतले गेले. एकही जुळला नाही. खऱ्या गुन्हेगाराने, कॉलिन पिचफोर्कने, बेकरीतल्या एका सहकाऱ्याला आपल्या जागी नमुना द्यायला पाठवलं होतं. पुढे त्या सहकाऱ्याने पबमध्ये गप्पांच्या ओघात ते बोलून दाखवलं, एका बाईने ऐकलं आणि पोलिसांना सांगितलं. १९८८ मध्ये पिचफोर्कला जन्मठेप झाली.

या प्रकरणाला डीएनएचा विजय म्हणतात, आणि तो आहेच. पण हजारो नमुन्यांच्या जाळ्यातून निसटलेला माणूस सापडला तो पोलिसांकडे जाऊन बोलायला न घाबरलेल्या बाईमुळे. तपासाची सगळ्यात जुनी यंत्रणा ही आहे, आणि ती विकत मिळत नाही. सगळ्यांनाच संशयित धरणारी व्यवस्था उभी केली की सगळ्यात आधी हीच सुकते, कारण ज्याच्यावर चोवीस तास नजर आहे तो स्वतःहून पोलिसांच्या दारात जात नाही.

आता थोडं गणित, कारण निविदेतला '९९ टक्के अचूक' हा शब्दप्रयोग समित्यांना फार आवडतो. समजा एक कोटी माणसांत हजार जण खरोखरच घातपाताच्या तयारीत आहेत. सॉफ्टवेअर शंभरातल्या नव्व्याण्णवांना बरोबर ओळखतं, दोषीलाही आणि निर्दोषालाही. ते हजारातले ९९० पकडेल. उत्तम. पण उरलेल्या निर्दोष माणसांपैकी एक टक्का, म्हणजे जवळजवळ एक लाख जणांवरही ते बोट ठेवेल. म्हणजे यंत्राने दाखवलेल्या शंभर जणांत खरा दोषी साधारण एक. हे सॉफ्टवेअर सुधारून भागण्यासारखं नाही; गुन्हेगार विरळ आणि बाकीचे लोक भरमसाट, हा त्यामागचा साधा हिशेब आहे. अमेरिकेत राष्ट्रीय सुरक्षा संस्था सगळ्यांच्या फोन-नोंदी घाऊक जमा करत होती. त्या संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये ते उघड केल्यावर सरकारच्याच देखरेख मंडळाने तपासणी केली आणि जानेवारी २०१४ च्या अहवालात म्हटलं की दहशतवादाच्या एकाही तपासात या कार्यक्रमामुळे ठोस फरक पडल्याचं उदाहरण त्यांना सापडलं नाही. पुढच्याच वर्षी तो कार्यक्रम कायद्याने बंद झाला.

शिवाय चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रणाली तपासल्या गेल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्याही आत होती आणि काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४ टक्क्यांपर्यंत गेली. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी अशाच एका चुकीच्या जुळणीवरून एका कृष्णवर्णीय माणसाला त्याच्या घरासमोर, मुलींच्या देखत बेड्या घातल्या. गुन्हा होता घड्याळं चोरल्याचा, आणि तो दुसऱ्याने केला होता. 'गुन्हा कुठे होणार' हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच. पोलीस जिथे आधी जास्त फिरले तिथले गुन्हे जास्त नोंदले गेले. ते आकडे यंत्राला भरवले, यंत्राने पुन्हा तिथेच पोलीस पाठवले. अमेरिकेतल्याच सांताक्रूझ शहराने असं सॉफ्टवेअर आधी हौसेने वापरलं, आणि २०२० मध्ये त्यावर बंदी घातली.

तुरुंगांचा विचार केलात का? भिंती, कुलपं, कॅमेरे, झडत्या, दिवसातून अनेकदा शिरगणती. याहून जास्त पाळत माणसावर ठेवता येत नाही. तरी जगभरच्या तुरुंगांत अमली पदार्थ पोचतात, मोबाइल पोचतात, मारहाणी होतात, आणि त्यातलं काही पहारेकऱ्यांच्या संगनमताने होतं.

मग काय चालतं? इथे मला सगळ्यात जास्त रस आहे. १९८० मध्ये पश्चिम जर्मनीत हेल्मेट न घालणाऱ्या मोटरसायकलस्वाराला जागच्या जागी दंड सुरू झाला. हेतू डोकी वाचवण्याचा. पण वर्षाला दीड लाखाच्या घरात असलेल्या मोटरसायकल चोऱ्या १९८६ पर्यंत ५४ हजारांवर आल्या. कारण गंमतीदार आहे. वाटेत दिसली म्हणून गाडी उचलणाऱ्याकडे हेल्मेट नसतं, आणि बिनहेल्मेटचा स्वार पहिल्याच चौकात अडवला जातो. आणि त्या चोरांनी मग तितक्याच मोटारी किंवा सायकली पळवल्या, असंही दिसलं नाही. चोरी करायचीच असं ठरवून निघालेले लोक आपल्याला वाटतात त्याहून कमी असतात. बरेच जण सोपं दिसलं म्हणून हात घालतात. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींत इमोबिलायझर सक्तीचा झाला. खरी किल्ली असल्याशिवाय इंजिनच सुरू होऊ न देणारं हे छोटं उपकरण. नेदरलँड्समधल्या आकड्यांवरून अर्थतज्ज्ञांनी काढलेला अंदाज असा की त्यामुळे मोटारचोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सार्वजनिक गृहसंकुलांच्या आवारात चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ठिकाणी प्रखर दिवे लावले, तर तिथले रात्रीचे उघड्यावरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले.

हेल्मेट, किल्ली, दिवा. यातल्या कशालाही कुणाचं नाव माहीत नाही. कोण कुठे गेला, कुणाला भेटला, याची नोंद कुणी ठेवली नाही. हेही तंत्रज्ञानच आहे, आणि ते कॅमेऱ्यांच्या तेरा टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त काम करून गेलं. माणसांवर नजर ठेवण्यापेक्षा गुन्हा अवघड करणारी वस्तू सुधारणं स्वस्त पडतं. तरीही आपल्या टेबलावर दिव्याच्या खांबाची फाईल खाली असते आणि चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची वर. दिव्याच्या खांबाचं उद्घाटन करायला कुणी येत नाही, हे मला समजतं.

हा उपायही कायमचा नसतो, हे मान्य. इमोबिलायझरनंतर 'बिनकिल्लीच्या', म्हणजे किल्ली नुसती जवळ असली की उघडणाऱ्या गाड्या आल्या. मग घरात ठेवलेल्या किल्लीचा संदेश उपकरणाने पकडून दारातल्या गाडीपर्यंत पोचवणारे चोर आले. तंत्रज्ञान गुन्ह्याचा पत्ता बदलतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये रस्त्यावरच्या चोऱ्या, घरफोड्या गेल्या तीस वर्षांत कमालीच्या कमी झाल्या. आज तिथल्या गुन्हे-सर्वेक्षणात नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांपैकी साधारण ४० टक्के फसवणुकीचे असतात, आणि त्यातले पुष्कळसे फोनवर आणि संगणकावर घडतात. आपण चौकात कॅमेरा लावतो आहोत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

खुनांचंही पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभर सुमारे ५१ हजार स्त्रिया आणि मुली त्यांच्या जोडीदाराच्या किंवा घरच्याच माणसांच्या हातून मारल्या गेल्या. हे चौकात घडत नाही. मग घरात कॅमेरे लावायचे? ते लागलेही आहेत, पण बऱ्याचदा छळणाऱ्यानेच लावलेले: बायकोच्या फोनमध्ये लपवलेलं ॲप, तिच्या पर्समध्ये टाकलेला मागोवा घेणारा टॅग.

आणि मोठे गुन्हे? २०१५ मध्ये उघड झालं की फोक्सवागेनने जगभरच्या एक कोटी दहा लाख गाड्यांत असं सॉफ्टवेअर घातलं होतं, जे प्रदूषणाची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचं. गुन्हा सॉफ्टवेअरच्या ओळींत लिहिलेला, वातानुकूलित कार्यालयात, सभ्य कपड्यांतल्या माणसांनी. तो उजेडात येण्याची सुरुवात झाली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने मोजमापाची यंत्रं गाडीत टाकून रस्त्यावर फेरफटका मारला तेव्हा. आपल्या समितीच्या नकाशावर या गुन्ह्यासाठी लाल ठिपकाच नाही. पाळतीची नजर नेहमी वरून खाली जाते.

वरून पाहणाऱ्यांवर कोण पाहणार, हा प्रश्न मी बराच वेळ टाळला, कारण तो सगळेच विचारतात. पण टाळता येत नाही. फोन-नोंदी जमा करणाऱ्या त्याच अमेरिकी राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या महानिरीक्षकांनी २०१३ मध्ये संसदेला कळवलेल्या बारा गैरप्रकारांत कर्मचाऱ्यांनी यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रेयसीवर, जोडीदारावर पाळत ठेवल्याचे प्रकार होते. कुंपणाने शेत खाल्लं ते असं, अगदी क्षुल्लक कारणांसाठी. आणि साठवलेला डेटा हा स्वतःच चोरीचा माल होतो: २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून ५६ लाख माणसांच्या बोटांचे ठसे चोरीला गेले. पासवर्ड बदलता येतो. बोटं बदलता येत नाहीत.

एक शेवटची गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी नेदरलँड्सने नागरिकांची अतिशय नेटकी नोंदवही ठेवली होती, कुणाचंही वाईट न चिंतता. त्यात धर्माचा रकाना होता. मग नाझी आले आणि नोंदवही त्यांच्या हाती तयार मिळाली. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही तरुण पोलिसांच्या गणवेशात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले, पहारेकऱ्यांना बेशुद्ध केलं, फायलींचे ढीग रचले आणि स्फोटकं लावली. अग्निशमन दलाने मुद्दाम उशीर केला आणि मग गरजेपेक्षा जास्त पाणी ओतलं, म्हणजे जळाले नाहीत ते कागद भिजून जावेत. नोंदींचा काही भागच नष्ट झाला. पकडलेल्यांपैकी बारा जणांना गोळ्या घातल्या. त्या देशातल्या ज्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश युद्धात मारले गेले.

त्या दिवसाच्या कायद्यानुसार ते तरुण गुन्हेगार होते; आग विझवायला उशीर करणारेही. विक्रेत्याचं सादरीकरण ज्या शहराचं वचन देतं, तिथे ते कार्यालयापर्यंत पोचलेच नसते. गुन्हा पूर्णपणे नाहीसा करायचा तर कायदा प्रत्येक वेळी बरोबर असावा लागेल, आणि तो लिहिणारे, राबवणारे कायम सज्जन राहावे लागतील. ही अट कोणता विक्रेता पूर्ण करून देणार आहे?

तेव्हा मागणं असं आहे. निविदेत गुन्हे कमी होतील असं मोघम लिहू नका. कोणता गुन्हा, आज किती, किती कमी व्हायला हवा, हे लिहा. शेजारची तशीच एक जागा कॅमेऱ्याविना ठेवा आणि मोजमाप विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे न देता तिसऱ्याकडे द्या. त्याच पैशात दिवे, कुलपं किंवा तपासासाठी माणसं घेतली तर काय होईल, याचा हिशेब शेजारी जोडा. एका माणसामागे लागायचं असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन खुशाल लागा. सगळ्यांमागे लागू नका. चेहऱ्याची जुळणी हा एकटाच पुरावा धरून कुणाला अटक होणार नाही, असं कलम घाला. घड्याळचोरीच्या त्या चुकीच्या अटकेवरून २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत डेट्रॉइट पोलिसांना ते मान्य करावं लागलं. आपल्याला त्यासाठी कुणा निर्दोषाला आधी कोठडीत बसवायची गरज नाही. साठवलेलं चित्रण किती दिवसांत पुसलं जाईल हे ठरवा, आणि ते कुणी, केव्हा, कशासाठी उघडलं याची नोंद यंत्रणेबाहेरच्या माणसाला पाहता येईल असं करा. आणि करार संपण्याची तारीख टाका. ठरवलेली घट त्या तारखेपर्यंत दिसली नाही तर यंत्रणा काढून नेण्याचा खर्च विक्रेत्याने सोसायचा. हे शेवटचं कलम ऐकल्यावर किती कंपन्या निविदा भरतात, ते मात्र मला जरूर कळवा.

कळावे,
आपला,
एक नागरिक